‘न्हाई’ची टेस्ट

यवतला आमच्या शेजारी एक गडी राहतो, वाद घालायच्या आधी चष्मा पुसणारा. मराठी शब्द तपासणारी एक लायब्ररी संगणकात असते. तो आणि त्याचे गावोगावचे सोबती ती हौसेनं, फुकट सांभाळतात. (पुस्तकांची समजून मी वर्गणी विचारली होती.)

नव्या आवृत्तीत लायब्ररीच्या आज्ञाच बदलल्या, म्हणून ती शब्द नीट ओळखते का हे बघणाऱ्या सगळ्या टेस्ट नव्यानं लिहिणं चाललं होतं. त्यात त्याची ‘न्हाई’ या शब्दाची टेस्ट नापास झाली, म्हणजे लायब्ररीनं तो शब्द चूक ठरवला. सोबती म्हणाले, शब्द अशुद्ध आहे, टेस्टच काढून टाक.

“काढ की मग,” मीही म्हणालो.

त्यानं चष्मा पुसला. “आप्पा, गावाकडं निमोण्याला माझी आई असंच बोलती. तिला चूक ठरवू? आन् तुम्ही बी तसंच बोलता.”

“मी?” मला रागच आला. “मी कवाच न्हाई म्हणत न्हाई!”

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं माझं वाक्य जसंच्या तसं टेस्टमध्ये घातलं आणि सोबत्यांना कळवलं, की असं बोलणारा माणूस आमच्या भिंतीपलीकडेच राहतो. टेस्ट राहिली. आता लायब्ररीत कुणी काही बदललं, की आधी मी पास होतो का ते बघतात.