पाठवणीचा खराब तुकडा

४ ऑक्टोबर १९९९, सोमवार. पितृपंधरवडा चालू होता, त्यामुळे लग्नाची कामं बंद. अशा दिवसांत मी व्हीसीआर उघडून त्याचं हेड स्पिरिटनं पुसायचे. जामखेडला माझं व्हिडिओ शूटिंगचं छोटं दुकान होतं. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट लावायची, दुसऱ्यावर हवे तेवढे तुकडे उतरवायचे आणि वर गाणी चढवायची, हे माझं एडिटिंग. नगरला आता हेच काम कॉम्प्युटरवर होऊ लागलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन एक मशीन पसंत करायचं ठरवलं होतं.

पुसणं चालू असताना एक बाई दारात येऊन उभी राहिली. मी लगेच ओळखलं नाही. आदल्या वर्षी मे महिन्यात तिच्या मुलीचं लग्न मी शूट केलं होतं.

“बाई, माझ्या पोरीची कॅसेट हाय का तुमच्याकडं?”

“ती तर मी तेव्हाच दिली. तुम्हीच घेऊन गेलात.”

“ती तिच्यासंगं सासरी गेली.” ती म्हणाली, “पोर संक्रांतीला वारली. कावीळ झाली, आठ दिसांत खेळ आटपला.”

मला हे माहीत नव्हतं. मी कापूस खाली ठेवला.

आमच्याकडे शूटिंगचा खर्च मुलीकडचे करतात आणि कॅसेट मात्र मुलीबरोबर जाते. जावयानं उन्हाळ्यात दुसरं लग्न केलं होतं. ही बाई कॅसेट मागायला गेली, तर घरचे म्हणाले, सापडत नाही.

“नव्या सुनंम्होरं कशाला ठिवतील?” ती म्हणाली. “त्यांचंबी खरं हाय.”

“फोटो नाही का एखादा?”

“हाय की. त्यात मास्तरनं दटावल्यावानी ताठ बसलीय. मला तिचा आवाज पायजे. हसतानाचा असला तर लईच बरं. दसरा झाला की आमची टोळी ऊसतोडीला निघंल. त्याच्या आदी एकडाव ऐकवा.”

मी खरं ते सांगून टाकलं. गिऱ्हाइकाला तयार कॅसेट दिली की मूळ कॅसेटवर आम्ही पुढचं लग्न घेतो. धंद्यात सगळेच असं करतात. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. “बरं,” एवढंच म्हणाली आणि पायानं चपला शोधू लागली.

“परवापर्यंत थांबा,” मी म्हटलं. “बघते काही राहिलंय का.”

ती गेल्यावर मी वही काढली. लग्नाच्या दोन मूळ कॅसेटी होत्या. पहिलीवर दुसरं लग्न शेवटपर्यंत भरलेलं. दुसरीवर एक बारसं घेतलेलं होतं. बारसं काही तेवढं लांबत नाही. मी ती कॅसेट पुढं पळवत नेली. पाळणा झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, पडद्यावर राखाडी मुंग्या आल्या आणि त्यानंतर ते अंगण दिसलं. बारसं पुरलं नव्हतं, म्हणून लग्नाचं शेपूट शिल्लक होतं. दीड-दोन मिनिटं, सगळी पाठवणीची. चित्र उड्या मारत होतं, मधेच आडव्या रेघा येत होत्या. म्हणजे हिला मिळणार होतं ते मुलीचं रडणं. मी पुढचं न बघताच कॅसेट बाहेर काढली. एवढी खराब टेप पुन्हा पुन्हा चालवण्यात अर्थ नव्हता.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं नगर गाठलं. दुकानदार तरुण होता आणि बोलण्यात वस्ताद. काचेच्या कपाटात एक लॅपटॉप ठेवला होता. मी विचारलं, हा बरोबर नेऊन लग्नघरीच एडिटिंग होईल का?

“मॅडम, तो साहेबलोकांना पत्रं लिहायला. व्हिडिओ त्याच्या बापाला झेपायचा नाही.”

मग त्यानं टेबलावरची दोन मशीनं दाखवली. रॅम किती, हार्ड डिस्क केवढी, कार्ड कुठलं, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. मी पिशवीतली ती बारशाची कॅसेट पुढं केली.

“तोंडानं सांगू नका. एवढा तुकडा दोन्हींवर घेऊन दाखवा.”

स्वस्तातलं मशीन तीन ठिकाणी अडकलं. माणसांचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. दुसऱ्यानं मात्र तुकडा अखंड घेतला. तो तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिला.

मायलेकी गळ्यात पडून रडतायत आणि एकदम अंधार होतो. फोकसची वायर कुणाच्या तरी पायात येऊन निघाली होती. पुन्हा उजेड येतो आणि कॅमेऱ्यामागून माझा आवाज, चांगलाच खणखणीत: “ए, थांबा! लाइट गेली होती. परत एकदा गळ्यात पडा.”

मुलगी वळून माझ्याकडे बघते. डोळे लाल, नाक पुसलेलं. “आता परत रडू व्हय, बाई?” म्हणते आणि खळखळून हसते. आई तिच्या पाठीत चापट मारते, “गप गं, भवाने,” आणि तीही हसते. मग दोघी शहाण्यासारख्या गळ्यात पडतात आणि खरंच रडायला लागतात.

तयार कॅसेट करताना हे सगळं मी कापलं होतं. सासरच्यांनी ती दिली असती, तरी त्यात ते हसणं नव्हतं.

“मधलं ते हसण्याचं खराब झालंय,” दुकानदार म्हणाला. “उडवून जोडून देऊ का? कळणारसुद्धा नाही.”

“उडवू नका. तेच कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्या.”

महागातलं मशीन पक्कं केलं. लग्नसराई तोंडावर आलेली, ते आठ दिवसांत पोचवायला सांगितलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हीसीआर पिशवीत घालून तिच्या गावी गेले. शेजारच्या घरी टीव्ही होता. तिला समोर बसवलं आणि कॅसेट लावली. अंधार झाला तेव्हा ती घाबरली. माझा आवाज आला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मुलगी हसली आणि हिचा हात आपोआप उचलला गेला, चापट मारायला. तो तसाच राहिला.

“हितंच थांबवा,” ती म्हणाली. “फुडचं नगं.”

मी मागं नेऊन पुन्हा लावली, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी रडणं सुरू व्हायच्या आत वीज गेली. अर्धा तास वाट पाहिली. मग व्हीसीआर हातानं उघडून कॅसेट बाहेर काढली, कुणी तिच्यावर दुसरं काही घेऊ नये म्हणून मागची पट्टी स्क्रूड्रायव्हरनं मोडली, त्या बाईच्या हातात दिली आणि अकराच्या एसटीनं दुकानावर आले.