दगड उलटे चालवणाऱ्या चाची

मी नंदुरबारच्या एका शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून घसरून पाय मोडला आणि सहा आठवडे प्लास्टर घालून घरी बसावं लागलं. मी चिडचिड करायला लागले, तेव्हा नवऱ्यानं सुरतच्या जुन्या बाजारातून एक टीव्ही गेम आणून दिला. कॅसेट घालून खेळायचा, आमच्या लहानपणी असायचा तसला. कॅसेट एकच होती. तिच्यावरचा कागद फाटलेला, आणि पडद्यावर येणारी अक्षरं जपानी असावीत. त्या खेळाचं नाव मला आजही माहीत नाही. बऱ्याच जणांना विचारलं, कुणी ऐकलेलाही नाही.

खेळ दिसायला अगदी साधा. चौकटींचं अंगण, त्यात एक छोटा कोल्हा. त्यानं दगड ढकलत नेऊन खड्ड्यांत बसवायचे. दगड ढकलता येतो, ओढता येत नाही. कोपऱ्यात गेला की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ नाही, शत्रू नाही, की मरणं नाही. आठवडाभर खेळल्यावर मी त्या न पाहिलेल्या माणसाला मनातून नमस्कार करायला लागले, ज्यानं हे रचलं. अंगणातली एक चौकट कमी केली असती तर कोडं सुटलंच नसतं, आणि एक जास्त दिली असती तर त्यात काही राहिलं नसतं.

तेहेतिसाव्या कोड्यावर मात्र मी अडकले. सहा दगड आणि एक अरुंद बोळ. नऊ दिवस गेले.

शेजारच्या चाची रोज दुपारी माझ्यासाठी डबा आणायच्या. त्यांच्याकडे गाद्या-रजया भरायचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. वय साठीच्या पुढे, शाळेत कधी गेल्या नव्हत्या. डबा ठेवून त्या खुर्चीत बसत आणि माझी फजिती मुकाट्यानं बघत. दहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "बेटा, तू रोज एकच चूक करी ऱ्हायनी."

"कोणती?"

"माले काय म्हाईत? पन रोज त्याच जागावर अडकस."

मग घरात खडू कुठे आहे ते त्यांनी विचारलं. आमची फरशी चौकोनी. टीव्हीकडे बघत बघत त्यांनी फरशीवर खडूनं तेच अंगण आखलं आणि स्वयंपाकघरातून काडेपेट्या आणल्या. मला वाटलं, आता त्या दगड जिथून सुरू होतात तिथे पेट्या मांडतील. त्यांनी सहाही पेट्या खड्ड्यांवर ठेवल्या.

"चाची, ते तर शेवटी व्हई."

"व्हय ना. हाऊ आठे बठेल शे. मंग याना पहिले कोठे व्हता?"

इथे बसलेला दगड त्याआधी कुठे होता, असं विचारून त्या स्वतःच कोल्हा होऊन फरशीवर उभ्या राहिल्या आणि मागे सरकत एक पेटी पायाच्या बोटानं आपल्याकडे ओढली. ढकलणं उलटं केलं की ओढणं होतं. पुढे जाताना दहा वाटा फसव्या निघत होत्या. मागे येताना बोळात उभं राहायला जागाच एवढी कमी, की वाट एकच उरत होती. वीस वर्षं मी मुलांना सांगत आले आहे की अडलात तर उत्तराकडून मागे या. स्वतःला ते नऊ दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं.

दोन दुपारी त्या सरकत राहिल्या आणि मी वहीत लिहीत राहिले. तिसऱ्या दुपारी वही शेवटून वाचत खेळले, आणि सहावा दगड खड्ड्यात बसला. मी ओरडलेच. चाची वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "खालना दगड आपीन उगाच दोनदा फिराया. एक फेरा वाची जाता." खरंच, तो फेरा वाचला असता.

"तुमले हे सुचनं कसं?"

"रजईवर नक्षी घालतांना शेवटला टाका कोठे येई, ते पहिले देखनं पडस."

पाय बरा झाल्यावर हे मुलींना दाखवायला शाळेत या, असा मी त्यांना आग्रह केला. "माले शाळामा काय काम?" असं म्हणत त्यांनी महिनाभर टाळलं. शेवटी एका शनिवारी ईदचा ड्रेस घालून आल्या. नववीच्या मुलींसमोर पहिली पाच मिनिटं त्या नुसती ओढणी सारखी करत राहिल्या. मग त्यांनी चपला काढल्या, खडू मागितला आणि फरशीवर आखायला बसल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी एकही मुलगी जागची हलली नाही.

एकीनं विचारलं, "चाची, तुम्ही हे कुठे शिकल्या?"

"या मॅडमना घर," चाची म्हणाल्या.

तसं नाही, हे सांगायला मी उठले. पण तोवर मुली फरशीवर उतरल्या होत्या, आणि माझं ऐकायला कुणाला सवड नव्हती.