गंगूमावशीची शाल

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. जाऊ द्या, हसाच. कारण हा गोंधळ दुसऱ्या कोणी नाही, मी स्वतः घातलाय. तोही शिकून-सवरून, हातात माइक घेऊन!

आमचा शेलूबाजारला पापडाचा छोटासा उद्योग आहे. टिनाचं शेड, आठ-दहा बाया, आणि त्या सगळ्यांच्या वर गंगूमावशी. मालकीण मी आहे, पण हे मावशीला अजून कोणी कळवलेलं नाही. उडदाचं पीठ कुटणार ती, कोणी कुठं बसायचं ते ठरवणार ती, आणि माझ्या लाटण्याला नावं ठेवणारही तीच. दिवसभर आमची जुंपलेली. मी तिच्यावर ओरडायची, ती माझ्यावर. आणि त्या आरडाओरड्यात पापड मात्र असे व्हायचे, की नागपूरच्या एका दुकानदारानं आम्हाला पहिली मोठी ऑर्डर दिली.

झालं! मला वाटलं, आता आपण खऱ्या उद्योजिका. गेले वाशीमला, उद्योजकतेच्या शिबिरात जाऊन बसले. तिथं टाय लावलेले एक सर होते. ते म्हणाले, खरा नेता चारचौघांत माणसांवर ओरडत नाही, चारचौघांत त्यांचं कौतुक करतो. मी खुर्चीतच विरघळले हो! म्हणजे इतकी वर्षं मी सगळं उलटंच करत होते. परत येताना एसटीतच ठरवून टाकलं, मावशीचा सत्कार करायचा.

आणि करायचा तर साधा कशाला? दिराचा मंडपाचा धंदा आहे, त्याच्याकडून माइक आणला. शाल आणली, हार आणला. एरवी पोत्यावर बसणाऱ्या मावशीला खुर्चीवर बसवलं आणि मग जी सुटले! मावशींनी या उद्योगासाठी रक्ताचं पाणी केलं, त्यांचे उपकार आम्ही कधीच विसरणार नाही, त्यांना उदंड आयुष्य लाभो.

बाया रडायला लागल्या. मनात म्हटलं, बघा, काय ताकद असते कौतुकात! मावशी उठली आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला म्हणाली. किती ही नम्रता! मग एकीनं तिची ओटी भरली, दुसरी तिच्या गळ्यात पडली. याला म्हणतात टीम, असं म्हणत मीसुद्धा पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये मी एकटी.

ऊन वर आलं तरी कोणी नाही. परवा नागपूरची गाडी येणार आणि निम्मे पापड लाटायचे बाकी. आमच्यातल्या शांताला फोन लावला. जिथून मावशीले काढलं तिथं आमी कायले येऊ, म्हणाली आणि ठेवून दिला. काढलं? मी? मावशीला?

धावत मावशीचं घर गाठलं. दारात तिची सून. सासूचा अपमान झाला म्हणून चिडली असेल, असं समजून मी मान खाली घातली. पण तिचं दुःख वेगळंच होतं. ती हळूच म्हणाली, "ताई, माह्याशी काई दुश्मनी हाये काय तुमची? आता थ्या दिवसभर घरीच राहतीन ना!"

मावशी उन्हात बाजेवर बसली होती, शाल पांघरून. मी म्हटलं, अहो मावशी, तो तर तुमचा सत्कार होता.

"मले काय शिकवतं, सुनंदा?" ती म्हणाली. "आपल्या गावात शाल कवा देतात? मास्तर रिटायर झाला तवा. ग्रामसेवकाची बदली झाली तवा. शाल घेऊन दुसऱ्या दिवशी कोनी कामावर गेलं काय?"

आता द्या याचं उत्तर! खरंच, आमच्याकडं माणसाचे गुण तोंडावर सांगायची रीतच नाही. माणूस निघाला की मगच त्याचे गुण निघतात, एकतर निरोपाला नाहीतर तेरवीला. सरांच्या गावात असेल निराळी पद्धत.

पण मी कसली शहाणी होते! पुन्हा शिबिरातलंच सुरू केलं. तुमचं योगदान फार मोलाचं आहे वगैरे. ते ऐकून तिचा चेहरा आणखीच पडला. एकदा निरोप दिला ना, आता किती वेळ देशील, म्हणाली. तिचे डोळे भरून आलेले पाहिले आणि माझा तोलच गेला.

"निरोप कायचा वं माय? तिकडं पीठ वाळून राह्यलं, परवा गाडी येते, अन् तू इथं शाल पांघरून बसली! तुह्यासारखी हट्टी बाई जल्मात पाह्यली नाई मी. ऊठ आधी!"

मावशीचा चेहरा असा काही फुलला!

"हां, आता कशी माणसावानी बोलली," म्हणत तिनं शाल काखेत मारली आणि माझ्यापुढं चालायला लागली. सुनेनं मागून मला हात जोडले.

थोड्याच वेळात शेड भरलं. पीठ उघडं टाकून गेले म्हणून मावशीनं सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली, आणि खरं सांगते, इतकं बरं वाटलं! ही बाई नसेल तर मला नागपूर नको की ऑर्डर नको, हे मला तेव्हा कळलं. ठरल्या दिवशी गाडी वेळेवर भरून गेली.

गाडी दिसेनाशी झाली तशी मी दमून खुर्चीवर टेकले. तर मावशी ती शाल घेऊन पुढं आली आणि माझ्या खांद्यावर टाकली. बाया भोवती गोळा झाल्या.

"आमच्या सुनंदानं लय केलं आमच्यासाठी," मावशी म्हणाली. "हे आमी कदी विसरनार नाई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्यावर मी हळूच विचारलं, "मावशी, उद्या मी कामावर येऊ ना?"