अण्णाची गाडी दुरुस्त करावी का?

मंडळी, आपल्या फिरत्या वहीत आज माझी पाळी.

सकाळी यशवंतपूरला वहिनींकडे गेलो होतो. माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची, लढाईच्या आधीची गाडी सात वर्षं त्यांच्या शेडमध्ये पडून आहे. दुरुस्त करावी की भंगारात काढावी, हे ठरवायचं होतं. हेब्बाळच्या उतारावर अण्णा याच गाडीच्या अपघातात गेला.

मिस्त्री तासभर गाडीखाली होता. बाहेर येऊन म्हणाला, "इंजिन चांगलं आहे, स्वामी. स्वल्प पत्रा बदलू. पण ब्रेकच्या सळईला पिनेऐवजी तार कुठल्या शहाण्यानं बांधली? तीच तुटलीय."

तार मी बांधली होती. पिन मिळेपर्यंत तात्पुरती. अण्णाला सांगायचं राहून गेलं. नंतर ते मला आठवलं नाही, की मी आठवू दिलं नाही?

वहिनी आतून चहा घेऊन आल्या. "भावजी, गाडी नीट करून घ्या. तिचा काय दोष? ह्यांनाच वेगाचं वेड."

मी मान डोलावली. तेराव्याला तुम्हा सगळ्यांना 'अण्णा फार वेगानं चालवायचा' असं सांगणाराही मीच होतो.

गाडी दुरुस्त होण्याजोगी आहे. पण खरं कळल्यावर वहिनींना ती दारात हवी असेल का?

माझ्यानंतर वही त्यांच्याकडे जाते. एरवी शिपायाबरोबर पाठवतो, आज मीच घेऊन निघालोय. त्यांनी हे वाचण्याआधी माझ्या तोंडून ऐकावं.

तुम्ही मात्र अण्णाच्या वेगाबद्दल पुन्हा बोलू नका.