मी पाहिलेले सरडे

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझे यजमान धामणगाव बढ्याच्या शाळेत मास्तर होते. घर गावाच्या कडेला, मागे मुरमाड माळ. नवी नवरी म्हणून आले तेव्हा बोलायला कुणी नव्हतं. दुपारी मागच्या दारात बसून मी सरडे पाहायचे.

उन्हाळ्यात नर दगडावर चढायचा आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडायचा. निळी, काळी, खाली शेंदरी. दुसरा नर जवळ आला की त्याच्या अंगावर धावून जायचा. मादी मातकट, चटकन दिसायचीही नाही. ती भुसभुशीत जमिनीत खड्डा उकरून अंडी घालायची, माती लोटून तोंडाने ठोकून बसवायची आणि निघून जायची. पुन्हा तिकडे फिरकायची नाही.

संध्याकाळी हे जेवायला बसले की मी सगळं सांगायचे. हे घास हातात धरून ऐकायचे. "मंग? अंडी किती होती?" माझं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आणखी बारकाईनं पाहायचे.

मग एका मासिकाचा अंक टपालानं आला. आत यांचा लेख. 'भर उन्हात मी तासन्‌तास माळावर बसून राहिलो.' त्या वेळेला हे शाळेत असायचे!

"हे तं मी पाह्यलं होतं," मी म्हटलं.

"हो, तूच पाह्यलं. तुह्यं-माह्यं वेगळं हाये का?"

"मंग माह्यं नाव काऊन नाही टाकलं?"

हे हसले. "मास्तरची बायको सरडे पाहत बसते, हे लोकायले सांगू?"

नावाचं मी सोसलं असतं. पण ते घास थांबवून ऐकणं माझ्यासाठी नव्हतंच, हे फार लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात लेख वाचून बुलढाण्याहून एक साहेब आले. हे त्यांना घेऊन माळभर हिंडले. एकही सरडा दिसेना. हे घामाघूम होऊन चुलीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "कुठी बसतात वं ते?"

मी भाकरी थापत होते. "मले काय माहीत?"

साहेब चहा पिऊन मोटारीत बसले. यांच्याशी मी बोललेलं ते पहिलं खोटं. त्याचं वाईट वाटलं, पण खरं सांगावंसं वाटलं नाही.