चौथी आवृत्ती तेरखेड्यात वाजली

फोरट्रानची चौथी आवृत्ती तेरखेड्यात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वाजली, आणि तिला उदबत्ती लावणारा मीच होतो.

फोरट्रान म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. तेव्हा एकेक ओळ एकेका जाड कार्डावर भोकं पाडून लिहायची आणि तो गठ्ठा यंत्राला चारायचा. मुंबईच्या कचेरीत मी हंगामी होतो. साहेबांनी पुलाच्या गणिताचा दुसऱ्या आवृत्तीतला गठ्ठा चौथीत उतरवायला दिला. म्हणाले, "दिवाळीनंतर चालवून दाखवा, कायम करतो." तेव्हा तपासायला म्हणून दोन्ही गठ्ठे घेऊन मी दिवाळसणाला सासुरवाडी गाठली. (खरं म्हणजे तिथं भाव खायचा होता.)

सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, तेरखेड्यात फटाक्यांचा कारखाना. मी ओसरीवर गठ्ठे मांडून प्रवचन सुरू केलं.

"मामा, ही दुसरी आवृत्ती. आता बाद. ही चौथी, एकदम ताजी."

"आन् तिसरी?"

"तिसरी झाली, पण कंपनीनं बाजारात आणलीच नाही."

"फुसकी निघाली आसंल," मामा समजुतीनं म्हणाले. "आमचं बी व्हतं तसं."

मग मी कार्डांचा क्रम किती महत्त्वाचा, एक इकडचं तिकडं झालं तर सगळं कसं मुसळ केरात, हेही सांगितलं. मामा मान डोलवत कार्ड बोटांनी चोळून बघत होते. जावई फारच हुशार मिळाला असं त्यांना वाटतंय, अशी माझी समजूत झाली.

तीन दिवसांनी लक्ष्मीपूजन उरकलं आणि मामांनी अंगणात भलीमोठी माळ पसरली. शेजारपाजारचे जमले. "दिवाळसणाची माळ जावयाच्या हातानं," म्हणत मामांनी उदबत्ती माझ्या हातात दिली. मी ऐटीत पेटवली. काय वाजली म्हणता! एकही फटाका मुका नाही. शेवटचा बार उडाला आणि एक चिटोरं तरंगत माझ्या पायाशी पडलं. त्याला ओळीनं चौकोनी भोकं होती.

मी ते उचललं. "मामा, हा कागद कुठला?"

"तुमचाच की. लई कडक कागद. मंगलला इचारलं, ती म्हनली भोकं पाडून झाल्यात, आता काय कामाचा."

मंगल, म्हणजे माझी बायको, तेवढ्यात आत अनारसे बघायला गेली.

"जुनाच गठ्ठा घेतलात ना?" मी देवाचं नाव घेत विचारलं.

मामांना ते लागलं. "जावयाच्या दिवाळसणाला बाद माल लावू व्हय म्या? चौथीच लावली." मग माझा चेहरा बघून धीर देत म्हणाले, "आन् क्रम न्हाय मोडला बरं का. एका कार्डाचा एक फटाका, वरून खाली जसाच्या तसा."

मी अंगणातली चिटोरी गोळा करायला लागलो. साहेबांना काय सांगायचं? मंगलनं अनारसा पुढं केला, त्यालाही भोकंच दिसली.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून उतरवायला लावला. कायम व्हायला पुढची दिवाळी उजाडली. हा नवा गठ्ठा यंत्रावर चालताना इतक्या वेळा अडला, की साहेब एकदा म्हणाले, "तुमचा तो तेरखेड्याचाच बरा होता."

त्याच दिवाळीला मामा आम्हाला घ्यायला एसटीच्या फाट्यावर उभे. आधी माझ्या बॅगेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"जावईबापू, पाचवी निघाली का?"

माझ्या कामाची इतक्या आशेनं वाट बघणारा माणूस नोकरीत मला पुन्हा भेटला नाही.