इब्राहीमभाईंच्या भट्टीची काच

किराडपुऱ्यात शिरून इब्राहीमभाई नानवाल्यांचा पत्ता विचारला, तर लोक घर दाखवायच्या आधी त्यांचा स्वभाव सांगत. माणूस हिऱ्यासारखा आहे, नान तर असा की सोबत मटणाचा खलिया नसला तरी नुसता खावा, पण एक पथ्य पाळा. त्यांना ‘तुमचं चुकलं’ असं म्हणू नका.

कारण इब्राहीमभाईंचं कधी चुकतच नसे. एकदा मावसभावाच्या लग्नाला गंगापूरला निघालेले इब्राहीमभाई भलत्याच एसटीत बसले आणि जाग आली तेव्हा फर्दापूरला होते. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून आल्या पावली परत आला असता. हे खाली उतरले, लेणी बघितली, चहा प्यायले आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, “लेणी बघायची राहिलीच होती. लग्नं काय, होतच राहतात.” मावसभाऊ पुढं वर्षभर बोलत नव्हता. इब्राहीमभाईंच्या मते तोही त्याचाच दोष.

बायको फहमिदाबी हे सगळं ओळखून होत्या. नवऱ्याशी भांडण जिंकायचा नाद त्यांनी लग्नानंतर लवकरच सोडला होता. त्या आपलं काम गुपचूप करून घेत आणि मंतशा ही त्यांची एकुलती एक मुलगी आईकडून तेच शिकली होती.

इब्राहीमभाईंचा तंदूर वडिलांच्या हातचा, जमिनीत पुरलेला. लाकडं जळून निखारे झाले की ते तंदूरच्या तोंडावर ओलं गोणपाट टाकत. आच भिंतींत मुरली की गोणपाट बाजूला, हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेले नान एकेक करून आत. ओल्या गोणपाटाशिवाय नान लावणं म्हणजे हात-तोंड धुऊन वजू न करता नमाजाला उभं राहणं, असं त्यांचे वडील म्हणत आणि तेही म्हणत.

पण शहर वाढत होतं. शेजारी जिथं सगळी गल्ली बकऱ्या बांधायची, तिथं चार मजली इमारत उठली आणि तिच्या गच्चीखालच्या घरात अप्पाराव राहायला आले. अप्पाराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. नान त्यांना अतिशय आवडे. फक्त गच्चीवर वाळत घातलेल्या त्यांच्या बायकोच्या कुरडया तंदूरच्या धुरानं संध्याकाळपर्यंत काळ्या पडत. पहिल्या वर्षी ते हसत सांगायला आले, दुसऱ्या वर्षी न हसता आले आणि तिसऱ्या वर्षी हातात काळ्या कुरडयांचं ताट घेऊनच आले.

“इब्राहीमभाई, मी तक्रार करणारा माणूस नाही. पण घरात मला बायकोबरोबर राहायचंय,” ते म्हणाले.

ही अडचण इब्राहीमभाईंनाही समजली. मग मंतशानं मोबाईलवर शोधून पेलेटवर चालणारी बिनधुराची भट्टी दाखवली. पेलेट म्हणजे कपाशीची वाळकी पऱ्हाटी दळून, दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या. भट्टीच्या मागं जाळी, जाळीतून पंखा हवा ओढणार, कांड्या धडधडून पेटणार आणि समोर भलं मोठं काचेचं दार. आग आणि नान दोन्ही एकाच पोटात, बाहेरून सगळं दिसणार. इब्राहीमभाईंना बाकी कशाचं नाही, पण त्या काचेचं वेड लागलं. आयुष्यभर ते तंदूरमध्ये डोकं घालून भुवया जाळत आले होते. आता गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहून नान फुगताना बघणार होतं.

भट्टी आली त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्याच घाण्याला काच काळी झाली.

साधी काळी नाही. तव्याची पाठ बरी, अशी काळी. आत नान आहे की नाही हे कळेना. अंदाजानं दार उघडावं तर कधी कच्चा पिठाचा गोळा, कधी करपलेली चकती, आणि जो बरा निघे त्याच्यावरही काजळीचे ठिपके. वर अप्पाराव गच्चीच्या कठड्यावरून वाकून धुराकडं बघत आणि काही न बोलता आत जात. ते न बोलणं इब्राहीमभाईंना फार लागे.

याच सुमारास मंतशाचं लग्न ठरलं. मुलगा पैठणचा आणि त्याचे वडील याह्याभाई हेही खानदानी नानवाले. आता नानवाल्याच्या घरची वरात नानवाल्याच्या दारात येणार, तर पंगतीला नान कोणाच्या हातचे, हा प्रश्नच नव्हता. बोलणी चालू असताना याह्याभाई मोठ्या अदबीनं म्हणाले होते, “नव्या मशीनवर एवढे नान होत नसतील, तर सांगा. आमच्याकडून आणू.” बोलणं चांगल्या मनाचं होतं, पण इब्राहीमभाईंच्या काळजात सुरी फिरली. मुलीच्या निकाहचे नान दुसऱ्याच्या भट्टीतून आले, तर हा माणूस गल्लीत मान वर करून चालणार कसा?

तेव्हापासून घरात एकच विषय, काच. दोष कोणाचा हे शोधायला इब्राहीमभाईंनी सुरुवात केली आणि स्वतःला सोडून सगळीकडं शोधलं. आधी रामकिसनला धरलं. रामकिसन गंगापूरकडचा. पाऊस नाही, शेतात कापसाला बोंड नाही, तेव्हा वाळक्या पऱ्हाट्या गोळा करून कांड्या बनवायच्या धंद्यात तो पडला होता.

“तुझ्या कांड्या ओल्या आहेत,” इब्राहीमभाई म्हणाले.

रामकिसननं पोत्यातली एक कांडी काडकन मोडून दाखवली. “भाई, दोन सालं झाली, आमच्याकडं प्यायला पाणी नाय. कांड्या ओल्या करायला कुठून आणू? तसं पाणी असतं तर मी कांड्या इकल्या असत्या व्हय?”

इब्राहीमभाईंनी विषय बदलून काच घासायला घेतली. लिंबू झालं, खायचा सोडा झाला, दाढीचं पातं झालं. नळाला पाणी आठवड्यानं येई, टँकर आला तर आला, म्हणून काच कोरडीच घासावी लागे. मंतशा रोज सकाळी त्यांच्या शेजारी बसून चिंधीवर राख घेऊन घाशी. बी.कॉम. झालेली मुलगी, बोटं काळी करून बसलेली बघून फहमिदाबी आत भांडी आदळत. पण बाप-लेक गप्पा मारत घासत आणि काच स्वच्छ झाली की दोघं तिच्यात आपलं तोंड बघत. मग भट्टी पेटे, आणि दुपारपर्यंत काच पुन्हा होती तशी.

एक गोष्ट मात्र इब्राहीमभाई न चुकता करत. भट्टी पेटली, कांड्या लाल झाल्या की ते बादलीत गोणपाट भिजवत आणि भट्टीच्या डोक्यावर टाकत. भट्टी बसक्या घाटाची, गोणपाट मोठं. मागचा अर्धा भाग खाली लोंबे आणि हवा ओढायच्या जाळीवर चिकटून बसे. भट्टी बसवून देणारा माणूस जाताना म्हणाला होता की मागून मोकळं ठेवा. इब्राहीमभाईंनी मागं ठेवलेल्या पिठाच्या गोण्या लगेच हलवल्या होत्या आणि आपण सूचना तंतोतंत पाळली याचं त्यांना समाधान होतं. गोणपाट ही काही वस्तू नव्हती, तो रिवाज होता.

लग्न आठवड्यावर आलं आणि टँकर दोनदा चुकला. घरात पाहुणे उतरलेले, पिंप तळाला गेलेलं. इब्राहीमभाई सकाळी बादली घेऊन आले तेव्हा फहमिदाबी पिंपापुढं आडव्या उभ्या राहिल्या.

“क्या करते पानी का?”

“गोणपाट भिजवायचं.”

“नक्को. माणसाला प्यायला पाणी नाय आणि तुमचं गोणपाट रोज बादलीभर पितं. ते पाहुणं आधी बंद करा.”

“अगं, आच कशी मुरणार?”

“नाय मुरली तर नाय मुरली. वैसे भी तुमचे नान कोणाला दिसतात?”

एवढं बोलून त्यांनी गोणपाट ओढून घेतलं आणि चार घड्या करून पाहुण्यांच्या माठाखाली घातलं. इब्राहीमभाई चडफडत भट्टीकडं गेले. त्या सकाळी त्यांनी काचेला राख, लिंबू आणि आंबट दही असं नवंच मिश्रण चोळलं होतं, मनात आशा काही नव्हती.

पहिला घाणा निघाला. काच स्वच्छ. दुसरा निघाला. आत कांड्या पिवळ्याधमक जळतायत, नान फुगतायत, हळदीचा रंग चढतोय, सगळं दिसतंय. मंतशा धावत आली. गल्लीतली माणसं जमली. अप्पाराव खाली उतरून आले, चष्मा पुसून काचेत डोकावले आणि म्हणाले, “धूरही नाही हो आज. काय केलंत?”

“दही,” इब्राहीमभाई छाती काढून म्हणाले. “राखेत दही. हे कोणाला सुचत नाही.”

दही-राखेची कीर्ती दुपारपर्यंत शहागंजच्या बाजारात पोचली. एका चहावाल्यानं तर आपल्या किटलीलाही लावून बघितली. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मात्र इब्राहीमभाईंना चैन पडेना. आच न मुरवताही नान इतके चांगले झाले, हे त्यांना खुपत होतं. घरातले सगळे बांगड्या भरायला गेलेले बघून त्यांनी माठाखालचं ओलं गोणपाट हळूच ओढलं आणि भट्टीवर टाकलं. आतली ज्योत लाल झाली, आळसावली, लोळायला लागली. काचेच्या कोपऱ्यातून काजळी वर चढू लागली. त्यांनी गोणपाट उचललं. ज्योत उभी राहिली. पुन्हा टाकलं. पुन्हा लोळली. ते मागं गेले, जाळीवर गोणपाट कसं बसतं ते वाकून बघितलं आणि हात लावून हवा आत जात नसल्याची खात्री करून घेतली.

मग उठले, काच पुसली, गोणपाट होतं तिथं माठाखाली घातलं आणि कोणाला काही बोलले नाहीत. दह्याची कीर्ती चालू राहिली.

निकाहच्या सकाळी पैठणची वरात आली. बाकी मंडळी मांडवात गेली, पण याह्याभाई आणि त्यांच्यासोबतचे चार बुजुर्ग, सगळे जन्माचे नानवाले, अत्तर लावलेल्या शेरवान्या सावरत थेट भट्टीपुढं येऊन उभे राहिले. आत नान फुगत होते. पाची जण काचेसमोर ओळीनं वाकले. याह्याभाईंनी एक नान हातात घेतला, उलटून पाहिला, तुकडा तोंडात टाकला आणि मान डोलावली. इब्राहीमभाईंना वाटलं, आयुष्याचं सोनं झालं. आतल्या खोलीत पडद्यामागं मंतशा नवरीच्या कपड्यांत आईशेजारी बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

“इब्राहीमभाई, एक कबूल करतो,” याह्याभाई म्हणाले. “आम्हीबी हीच भट्टी घेतली. पन काच अशी काळी होते की इचारू नका. धरण आमच्या उशाला, पन धुवायला पाणी कुठंय? तुमची दही-राखेची गोष्ट पैठणपर्यंत आली बघा.”

“हौ,” इब्राहीमभाई खुशीत म्हणाले.

“आता आम्हाला फिकर नाय. सून तुमच्या घरची. तिला सगळं माहीत असंल. रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर तीच काच घासून देईल.”

बुजुर्ग हसले. इब्राहीमभाईही हसायला गेले आणि हसू अर्ध्यावर राहिलं. आदल्या दिवशी मेहंदी लावणारी बाई कुरकुरत होती की पोरीच्या नखांतली काळी रेघ काही केल्या जात नाही. कुठलं काम करून घेता नवरीकडून, असं तिनं विचारलं होतं आणि इब्राहीमभाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता ती रेघ त्यांच्या डोळ्यांपुढं आली. रोज सकाळी, परक्या घरात, राख आणि दही घेऊन बसलेली मंतशा. शेजारी गप्पा मारायला बापही नाही. आणि काच रोज काळी, कारण ‘चुकलं’ म्हणायला तिच्या बापाची जीभ जड.

ते याह्याभाईंच्या समोर येऊन उभे राहिले.

“याह्याभाई, काच घासायची नसते.”

“मग?”

“दही-बिही सगळी थाप होती. मी रोज भट्टीवर ओलं गोणपाट टाकत होतो, तंदूरवर टाकतात तसं. ते मागच्या जाळीवर बसायचं, आग गुदमरायची. गोणपाट काढलं, काच साफ.” ते थांबले. पुढचे शब्द त्यांच्या तोंडात कधी आलेच नव्हते, त्यामुळं ते जरा अडखळत बाहेर पडले. “माझं चुकलं होतं. फार दिवस चुकत होतं. पोरीला उगीच घासायला लावलं.”

चारही बुजुर्ग याह्याभाईंकडं बघायला लागले. याह्याभाई हातातल्या नानकडं बघत होते.

“गोणपाट तर आम्हीबी टाकतो,” ते हळू आवाजात म्हणाले.

“मला वाटलंच,” इब्राहीमभाई म्हणाले. मग ते पाच आणि हे एक असे सहाही जण हसू लागले, इतके की मांडवातून माणूस बघायला आला.

पडद्यामागं मंतशा मात्र रडत होती. फहमिदाबी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “अगं, निघायला अजून वेळ आहे. आत्तापासून कायको रोती?”

“मी जाते म्हणून नाय, अम्मी,” मंतशा म्हणाली. “अब्बा ‘चुकलं’ म्हणाले.”

फहमिदाबींनीही ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि दोघी मिळून रडल्या.